दार उघडं राहतं तो आठवडा

न्यू बेडफर्ड, १२ जून २०१७

देलिओ,

उभा असशील तर आधी बस. काल चर्चच्या मंडळाच्या सभागृहात पुढच्या वर्षी मुकुट कुठल्या आठवड्यात कुणाच्या घरी राहणार त्याच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि सातवा आठवडा माईच्या नावावर आला. पेंटेकॉस्टच्या सणाआधीचा शेवटचा, सगळ्यात मानाचा. पवित्र आत्म्याचा मुकुट आपल्या घरी, आपल्या पुढच्या खोलीत. दरवर्षी माई चिठ्ठ्यांना जांभळा ब्लाउज घालून जायची आणि तोंड पाडून परत यायची. यंदा कंटाळून घरातल्या झग्यावरच कोट चढवला आणि नेमकं यंदाच नाव निघालं. आता म्हणते, इतकी वर्षं तो ब्लाउजच आड येत होता.

घरी आल्याबरोबर काठीने खोली मोजायला लागली. डोळे गेल्यापासून तिचं सगळं मोजमाप काठीनेच चालतं. वेदी कुठे, फुलं कुठे, रोज संध्याकाळी रोझरीच्या जपाला येणाऱ्यांच्या खुर्च्या कुठे. सोफा बाहेर काढायचा म्हणाली. मी म्हटलं, आणि देलिओ आला तर झोपेल कुठे? तर म्हणते, "त्या आठवड्यात झोपतंय कोण? दार उघडं नि चूल पेटती. त्याला सांग, रश्शाची पातेली उचलायला माणूस लागेल." मी 'आला तर' म्हटलं होतं. तिने 'आल्यावर' ऐकलं.

सरकारी बोर्डाने तुला लावलेली ती धोक्याची पातळी तिला तापासारखी वाटते. आज तीन आहे, औषध घेतलं की उतरेल. मी समजावणं सोडून दिलंय. खरं सांगायचं तर तुझ्या या बहिणीलाही तसंच वाटून घ्यायला आवडतं.

सुनावणी कधी आहे ते कळव. फोन करू नकोस, तो स्वैपाकघरात आहे आणि माईचे कान डोळ्यांचंही काम करतात. पाकिटात खिडकीतल्या डब्यातला पुदिना घातलाय. रश्शात टाक.

इदा


फिचबर्ग, २ जुलै २०१७

इदा,

पुदिना पोचला. अर्धा रश्शात टाकला, अर्धा उशीच्या अभ्र्यात ठेवला. हसलीस तरी चालेल. इथल्या दुकानात आपला गोड पाव मिळतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. हा आमच्याकडचा, असं मोठ्या तोऱ्यात सांगून मी घरमालकाला एक नेऊन दिला. मग स्वतः खाल्ला आणि त्याला तोंड दाखवायची लाज वाटली.

माईचं नाव निघाल्याचं वाचलं आणि कारखान्यात दिवसभर वाकडे खिळे मारले. मला घरी यायचंय, इदा. इतकं सरळ मी तुला कधी लिहिलं नव्हतं. तुरुंगातून सुटलो त्याला पाच वर्षं झाली, दोन तासांवर राहतो, आणि एकदाही तिकडे फिरकलो नाही. कुणी अडवलेलं नाही. पण पातळी तीन असली की मी राहीन त्या घराचा पत्ता आणि माझा फोटो पोलीस शेजारपाजारी वाटतात, वाचनालयात लावतात, इंटरनेटवर ठेवतात. चार रात्री काढल्या तरी ते घर माझं धरतात. इथली समोरची बाई मला पाहून पोरांना घेऊन रस्ता ओलांडते. तिचं काही चुकत नाही. पण माझ्या तोंडाखाली माईच्या घराचा नंबर छापून आलेला मला नकोय. सकाळी येऊन संध्याकाळी परत जावं, तर माई दारात काठी आडवी धरेल आणि मी निघू शकणार नाही. पातळी एक झाली तर फक्त पोलिसांकडे नोंद राहते. मग मी येऊ शकतो, राहू शकतो, पातेली उचलू शकतो.

सुनावणी ऑगस्टच्या शेवटी आहे. सरकारने दिलेली वकीलबाई आहे, टियर्नी नावाची. बोलायला करवंदाच्या जाळीसारखी, पण कामाची. ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेते: मी मासळीच्या कारखान्यात मुकादम होतो. नतेर्सिया माझ्या हाताखाली काम करायची. नाताळच्या पार्टीनंतर मी तिच्यावर जबरदस्ती केली. तिने नाही म्हटलं होतं. पहिल्या वेळी मी सुरुवातीला 'दारूच्या नशेत' असं जोडलं. बाई म्हणाली, ते काढा. काढलं.

घरचा आधार आहे असं एक पत्र पातळी ठरवणाऱ्या बोर्डाला लागतं. तू लिही. साधं लिही, गोडगोड नको.

देलिओ


न्यू बेडफर्ड, ६ ऑगस्ट २०१७

देलिओ,

पत्र गेलं. पण माझं नाही, माईचं. मी वही घेऊन बसले तर म्हणाली, मुलगा माझा आहे, तू लेखणी धर. मी दोन ओळी सुचवायला गेले तर काठी आपटली. म्हणून तिचं तसंच्या तसं उतरवलं. तुला थोडं ऐकवते, मला तर लिहिताना भरून आलं:

"साहेब, आमच्या घराला कडी कधी लागत नाही. मुकुटाच्या आठवड्यात तर येईल तो आमचा. बायका, पोरी, परगावचे, दारुडेसुद्धा. कोण, कुठला, असं कुणी विचारत नाही. सगळ्यांना जेवायला घालतो. माझा मुलगा या सगळ्यांच्या मध्ये असेल. याहून चांगलं घर तुम्ही त्याला कुठून देणार?"

बघ, आहे की नाही? सही केली, ती थोडी टेबलावरही गेली. मग माझा हात धरून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत आली आणि पाकीट स्वतः टाकलं. मी म्हटलं होतं, आधी वकीलबाईला दाखवूया. तर म्हणाली, घरच्या गोष्टी वकिलाला विचारून सांगायच्या का?

मंडळाच्या बायका पाव मळायला आतापासून नावं देतायत. सोफ्याला गिऱ्हाईक मिळालंय, पण मी अजून दिलेला नाही. तू एक रात्र तरी त्यावर झोप, मग देऊ.

इदा


फिचबर्ग, ८ ऑक्टोबर २०१७

इदा,

दोन.

म्हणजे आता पत्रकं वाटणार नाहीत, पण इंटरनेटवर फोटो आणि पत्ता राहणारच. माईच्या घरी आलो तर माईचा पत्ता. म्हणजे माझ्या दृष्टीने तीनच.

सुनावणी घेणारे साहेब भले होते. मी बोलत असताना स्वतः उठून पाणी दिलं. दारू सोडली, नोकरी टिकवली, उपचारांचा वर्ग पूर्ण केला, सगळं त्यांनी मान्य केलं. आणि मग निकालात लिहिलं: प्रस्तावित घराला कुलूप नसतं, अनोळखी स्त्रियांची सतत ये-जा असते, येणाऱ्याची चौकशी होत नाही, देखरेख कुणाचीच नाही. यातला एकेक शब्द माईचा आहे. टियर्नीबाईने डोक्याला हात लावला. हे पत्र मला न दाखवता कुणी पाठवलं, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या आईने, स्वतः चालत जाऊन.

खोटं नाही सांगत, मला तिथेच हसू आलं. कडी लागत नाही ते घर सगळ्यात चांगलं, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, आपण ते दुधाबरोबर प्यालोय. त्यांना तेच वाचून धास्ती वाटली. मग खोलीवर परत आलो आणि हसू गेलं. त्यांनी घर वाचलं नव्हतं, त्या घरात मी आहे असं वाचलं होतं.

बाई म्हणते, कोर्टात अपील करू. साहेबांनी एका आठवड्याची गोष्ट बारा महिन्यांची धरली, ही चूक दाखवता येईल. मी हो म्हटलं. पेंटेकॉस्टच्या आधी झालं तर झालं.

माईला यातलं काही सांगू नकोस. ताप थोडा उतरलाय, एवढंच सांग.

देलिओ


फिचबर्ग, २१ जानेवारी २०१८

इदा,

ऑक्टोबरपासून तुझी एक ओळ नाही. नाताळचं कार्ड आलं, त्यावर फक्त माईची वाकडी सही. माई बरी आहे ना? तू बरी आहेस ना? मी दोनदा फोन उचलला आणि ठेवला.

बातमी चांगली आहे म्हणून लिहितोय. न्यायाधीशबाईंनी आमचं म्हणणं मानलं. पत्रातला मजकूर एका सणाच्या आठवड्याचा आहे, तो वर्षभराचा कसा धरला, असं विचारून प्रकरण बोर्डाकडे परत पाठवलं. मार्चमध्ये नवी सुनावणी. त्यासाठी तुझं शपथपत्र हवं: एरवी घरात तुम्ही दोघीच असता, तू घरी असतेस, लक्ष ठेवशील. यात खोटं काही नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.

पातळी एक मिळेल असं बाई पहिल्यांदाच बोलली. ती अशी उगाच बोलणारी नाही. त्या दिवसापासून मला झोपेत आपला जिना दिसतो. तिसरी पायरी अजून कुरकुरते का? पुदिना संपला. उशीला आता नुसता उशीचा वास येतो.

लवकर लिही.

देलिओ


न्यू बेडफर्ड, ४ फेब्रुवारी २०१८

देलिओ,

माई ठणठणीत आहे. मीही. लिहिलं नाही कारण लिहायला बसले की जे सांगायचं नव्हतं तेच लेखणीवर यायचं.

ऑक्टोबरात, तुझं निकालाचं पत्र आलं त्याच आठवड्यात, नतेर्सिया आपल्या घरी आली होती. दार उघडंच होतं, पण ती पायरीवर उभी राहून हाक मारत होती. मी तिला आत घेतलं. खुर्ची दिली तर बसली नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. कोट काढला नाही. तू अर्ज केलास की तिला नोटीस जाते. सुनावणी झाली की नोटीस, निकाल लागला की नोटीस, अपील केलंस की पुन्हा. कायदाच तसा आहे. तुझ्या प्रत्येक आशेचं एक पाकीट तिच्या पेटीत पडतं. मला हे माहीत नव्हतं.

ती भांडायला आली नव्हती. बोर्डाला तिने काही लिहिलंही नाही, म्हणाली, मला त्याच्या आकड्याशी काही करायचं नाही. तिला एवढंच विचारायचं होतं की मुकुट इथे असेल तेव्हा तू असशील का. लहानपणी मायदेशी बेटावर तिच्या आजीकडे मुकुट यायचा, ती झेंडा धरायची. इथे आल्यावर आपल्या चर्चमध्येही धरायची, तुला आठवत असेल. आता आईच्या नावाने एकदा तरी मुकुटापुढे गुडघे टेकायचेत म्हणाली.

माईने आवाज ओळखला. म्हणाली, "ये की बाई. आमचं दार कुणाला बंद नसतं."

नतेर्सिया म्हणाली, "तो आत असला तर ते मला बंदच आहे."

आणि गेली. माई बराच वेळ काठी हातात फिरवत बसली. मग म्हणाली, त्याला हे लिहू नकोस. म्हणून नाही लिहिलं.

आता माझं ऐक. मला त्या दिवशी तिचा राग आला होता. इतकी वर्षं वाट बघून माझ्या आईला मुकुट मिळाला, माझा भाऊ येणार, आणि ही कोण मध्ये येणारी? मग भांडी घासताना आठवलं, तू तुरुंगात गेलास तेव्हा सगळं चर्च माईकडे आलं. कुणी डबे आणले, कुणी मिठ्या मारल्या, बिचारी माई म्हणाले. नतेर्सियाकडे कोण गेलं? ती दुसऱ्या चर्चला जायला लागली तेव्हा आपण सुटकेचा श्वास सोडला. मी पण सोडला.

शपथपत्र टेबलावर आहे. सही करायला बसते आणि तिचा तो खुर्चीवरचा हात दिसतो. मला तू हवा आहेस, देलिओ. रोज हवा आहेस. संध्याकाळी पाच वाजता माई जेवायला बसते आणि तिसरी बशी मागते, आणि मी ती मांडते. तू सांगशील ते करीन. पण आता माहीत नव्हतं असं तुला म्हणता येणार नाही.

पुदिना घातलाय.

इदा


फिचबर्ग, १८ फेब्रुवारी २०१८

इदा,

पाकिटांचं मला माहीत होतं. अर्जाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी प्रत्येक वेळी वाचलं आणि खाली सही केली. तिच्या हातात ते पाकीट कसं पडत असेल, हे मात्र मी एकदाही डोळ्यांसमोर आणलं नाही. मला आपला जिना दिसायचा, पुदिन्याचा डबा दिसायचा, माईचे हात दिसायचे. ती दिसायची नाही.

शपथपत्रावर सही कर. त्यात लिहिलंय ते खरं आहे आणि मला घरी यायचंय, हेही खरं आहे. पण आकडा काहीही येवो, मुकुटाच्या आठवड्यात मी येणार नाही. नतेर्सियाला तसं सांग. निरोप दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस, तू स्वतः जा. दारातच सांग आणि परत ये, माझ्या वतीने आणखी काही बोलू नकोस. मला वाईट वाटतं वगैरे तर अजिबात नको.

टियर्नीबाईला सांगितलं तर तिचे डोळे चमकले. म्हणाली, हे सुनावणीत सांगा, याचं वजन पडेल. मी म्हटलं, म्हणूनच सांगणार नाही. तिथे बोललो की ते माझ्या उपयोगाला येईल. तिने फाईल बंद केली.

माईला इतक्यात सांगू नकोस. तिला पातेली उचलणारा हवा होता. शेजारच्या कुणाला तरी बोलव, पण माझा ॲप्रन त्याला देऊ नकोस.

खूप आठवण येते. तेवढंच लिहायचं होतं, पण वर एवढं सगळं लिहावं लागलं.

देलिओ


फिचबर्ग, २९ एप्रिल २०१८

इदा,

एक.

टियर्नीबाईने फोन केला तेव्हा मी कारखान्यात एका लाकडी पॅलेटवर बसलो होतो, बसलेलाच राहिलो. आता माझा फोटो कुठे नाही, पत्ता कुठे नाही. बसचं वेळापत्रक मी भिंतीवर लावलंय. सकाळची बस पकडली तर दुपारच्या जेवणाला तुमच्याकडे. इतकी वर्षं यायला मिळत नव्हतं, ते सोसणं त्यामानाने सोपं होतं. आता येता येतं आणि यायचं नाही.

मुकुट तेरा मे रोजी येईल ना? कोण काय म्हणालं, रस्सा कसा झाला, सगळं लिही. माईने काठीने कुणाकुणाला मारलं तेही लिही.

देलिओ


न्यू बेडफर्ड, २१ मे २०१८

देलिओ,

आज सकाळी मुकुट गेला. खोली इतकी रिकामी झालीय की माझा आवाज मलाच परत ऐकू येतो. सगळं लिहीन म्हटलं होतं, पण पाय सुजलेत, म्हणून महत्त्वाचं आधी.

पहिल्या दिवसापासून माई दाराशी बसली. येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायची, कोण म्हणून विचारायची आणि मग पुढे सोडायची. पायरी कुरकुरली की मान वळवायची. तुझी बस बिघडली, तुला सुट्टी मिळाली नाही, असं मी रोज एक नवं सांगत होते. माझ्या थापा संपत आल्या होत्या.

तुझा निरोप मी तिला दारातच सांगून आले होते, तरी नतेर्सिया सोमवारी समोरच्या फुटपाथवर नुसती उभी राहून गेली. मंगळवारीही. बुधवारी रोझरी सुरू झाल्यावर आत आली आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसली. कोट अंगावरच. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण जप कुणी थांबवला नाही. शेवटी एकेक जण उठून मुकुटाची चुंबनं घेऊन माईच्या हाताला हात लावत होते. ती सगळ्यात शेवटी उठली. मुकुटापुढे बराच वेळ गुडघ्यांवर होती. मग माईपुढे आली. माईने हात धरून विचारलं, "कोण?"

"नतेर्सिया."

माईने हात सोडला नाही. चेहरा असा काही झाला तिचा, की मला वाटलं आता ती रडेल नाहीतर काही भलतंच बोलेल. ती म्हणाली, "म्हणून तो आला नाही होय." आणि मग, "बस. जेवून जा."

नतेर्सिया जेवली. थोडंसंच, पण बसून जेवली. पावावर रस्सा ओतला, वर पुदिना ठेवला, तेव्हा तिने तो आधी हातात घेऊन हुंगला, तू करतोस तसाच. मी स्वैपाकघरात निघून गेले. जाताना तिने मला पायरीवर गाठलं. तुझ्याबद्दल चांगलं-वाईट काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तो यायचा असेल तेव्हा दिवस मला आधी कळव. बाजारात अचानक समोर यायला नको." मी हो म्हटलं.

रविवारी मिरवणुकीत ती नव्हती. झेंडा दुसऱ्या मुलीने धरला.

आज मुकुट गेल्यावर माई उठली आणि चाचपडत दारापाशी गेली. म्हणाली, कडीला तेल लाव. मी म्हटलं, कशाला? ती कडी मी जन्मात लागलेली पाहिलेली नाही. तिने कडीवर काठी आपटली. मी तेल लावलं. तिने दोन्ही हातांनी ओढून दार लावलं आणि म्हणाली, "आता बोलाव त्याला. दार लावलेलं राहू दे. येईल आणि ठोठावेल."

तर शुक्रवारी ये. नतेर्सियाला मी शुक्रवार सांगून आलेय. सोफा अजून दिलेला नाही. पुदिना पाठवत नाहीये, इथे डबाभर आहे.

कडी गंजलेली आहे आणि माई ती मला उघडू देणार नाही, स्वतःच उघडेल. वेळ लागेल. तू ठोठाव आणि थांब.

इदा